दगड वाळेपर्यंत

मिलुंकाला काही विचारलं आणि तिला उत्तर आलं नाही, असं तिमोक नदीच्या खोऱ्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पाऊस कधी येणार, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, पाद्र्याने प्रार्थनेतली कुठली ओळ गिळली, सगळं तिला ठाऊक. ठाऊक नसलं तरी ती सांगायची, आणि अशा आवाजात सांगायची की पाऊस बिचारा घाबरून त्याच दिवशी येऊन पडायचा. म्हणून तिहोमिर पाथरवटाच्या शेडमध्ये, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसून तिची जीभ टाळ्याला चिकटली, तेव्हा त्याचं नवल तिचं तिलाच वाटलं.

आली होती ती नवऱ्याच्या थडग्याचा दगड ठरवायला. राडिसाव खाणीत दरडीखाली गेला तेव्हा मुलगा नेगोवान पाळण्यात होता. आज नेगोवानच्या दाढीत पांढरे केस आहेत. जुना वाळूच्या दगडाचा क्रूस पावसाने इतका झिजला होता की त्यावर माणसाचं नाव होतं की मेंढीचं हे कळेना. नेगोवान व्हिएन्नात छपरं घालतो. या खेपेला आला तो ठरवूनच, की बापाला आरशासारखा काळा ग्रॅनाइट बसवायचा, वर चेहरा कोरलेला, आणि शरद ऋतूतल्या मृतांच्या शनिवारच्या आत.

नवऱ्याचा दगड बसवताना बायकोचाही चेहरा शेजारी कोरून घ्यायचा, जन्मसाल घालायचं आणि पुढची जागा मोकळी सोडायची, ही आमच्याकडची रीतच आहे. तिहोमिरने मिलुंकाला अंगणात सावलीत बसवून तिचा फोटो काढला. तो पूर्वी लग्नांचे फोटो काढायचा. आता लग्नं कमी आणि मरणं जास्त, म्हणून दगडांकडे वळला.

“सुरकुत्या जरा कमी करू का, काकू?”

“हात तर लावून बघ! एकेक कमावलेली आहे. कमी करायच्या तर तुझ्या सासूच्या कर, तिला फुकटात मिळाल्यात.”

तिथवर सगळं ठीक होतं. मग राडिसावचा फोटो आला.

फोटो म्हणजे खाणीच्या ओळखपत्रावरचा, काडेपेटीएवढा, खांद्यावर खाणीच्या शिक्क्याची अर्धी गोल कड उमटलेली. बाकीचे सगळे फोटो पुरात पेटीसकट गेले होते. हा एकच उरला, आणि उरला म्हणून मिलुंकाने तो घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी लावला, पूर्वेच्या भिंतीवर, संताच्या तसबिरीशेजारी, तेलाच्या दिव्याखाली. त्या जागी रोज सकाळचं ऊन पडतं. मानाची जागा आणि उन्हाची जागा एकच आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी तिने संताला हलवलं नसतं.

तिहोमिरने फोटो मोठा करून पडद्यावर आणला. धुक्यात दूध सांडावं तसा चेहरा. त्याच्या बाजूला एका चौकोनात डोंगरासारखी काहीतरी आकृती, आणि डोंगराखाली रेघेवर तीन छोटे त्रिकोण.

“हे बघा, काकू. या टोकाला काळं, त्या टोकाला पांढरं. धड फोटो असला की डोंगर इकडून तिकडे पसरलेला असतो. काकांचा सगळा मधेच गोळा होऊन बसलाय. ना काळ्याला शिवतोय, ना पांढऱ्याला.”

“उन्हाने खाल्लाय,” मिलुंका म्हणाली.

“उन्हाच्या पोटातून बाहेर काढू.”

त्याने काळा त्रिकोण डोंगराच्या पायथ्याशी आणला, पांढरा पलीकडच्या पायथ्याशी. धुकं फाटलं. भुवया आल्या, मिशी आली, सदऱ्याची कॉलर आली. मागे उभ्या असलेल्या नेगोवानने श्वास असा आत ओढला, जसा पोराने पाण्यात उडी मारण्याआधी ओढावा.

“हे दोन माझे,” तिहोमिर म्हणाला. “ते कुठे ठेवायचे हे दगडच सांगतो. आमचं यंत्र फक्त पांढरं करतं. काळं म्हणजे न शिवलेला दगड. मधलं करडं दगडाला नीट पेलत नाही, म्हणून आधीच ठरवावं लागतं, काय उजेडात घालायचं आणि काय अंधारात. पण हा तिसरा, मधला त्रिकोण, हा तुमचा. मी काकांना पाहिलेलं नाही.”

आणि त्याने मधला त्रिकोण सरकवला.

एका बाजूला सरकवला तर डोळे खोबणीत गेले, जबडा आवळला, कपाळावर आठी उभी राहिली. ज्याच्यासमोर टोपी काढून बोलावं असा माणूस. दुसऱ्या बाजूला सरकवला तर गाल भरले, ओठ मऊ झाले, आणि शेजाऱ्याकडे काहीतरी उसनं मागायला आल्यासारखा कोवळा पोरगा दिसायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि जाता जाता मधेच कुठेतरी, पापणी लवते तेवढ्यात, फाटकाला टेकून गवताची काडी चघळणारा तो दिसला. तोच.

“थांब!”

तिहोमिर थांबला, पण त्रिकोण पुढे गेला होता.

“मागे घे.”

“इथे?”

“नाही.”

“इथे?”

“नाही, नाही. जरा अलीकडे. आता फार झालं.”

केसभर मागे, केसभर पुढे. परत काही तो आला नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी निराळाच माणूस यायचा, आणि दरेकाच्या खांद्यावर तोच शिक्का.

“काळा करा परत,” नेगोवान म्हणाला. तो पडद्याला नाक लावून उभा होता. “तो मघाचा. हा! आई, हा तर मीच! आरशात बघतोय असं वाटतंय. तू म्हणायचीस ना, उभा राहिलास की राडिसावच. हाच ना बाबा?”

पन्नाशीला टेकलेला माणूस, पण विचारताना आवाज शाळकरी झाला होता. मिलुंकाने पडद्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. तिला माहीत नव्हतं. आणि ‘माहीत नाही’ हे शब्द तिच्या तोंडात कधी राहायलाच आले नव्हते, त्यामुळे आता शोधूनही सापडेनात.

“हाच,” ती म्हणाली. “डोळे फुटलेत का तुझे? हाच.”

“नक्की ना, काकू?” तिहोमिरने विचारलं. “एकदा कोरलं की पुसता येत नाही. चुकलं तर अख्खा थर घासून काढावा लागतो.”

“तुझं नाव ठेवलं तेव्हा मी हजर होते. तू मला नक्की विचारतोस?”

घरी आली तर भिंतीवर खिळा आणि खिळ्याखाली पांढरा चौकोन. मिलुंका त्या चौकोनासमोर बाक ओढून बसली. म्हटलं, आठवू. आठवायला पैसे पडत नाहीत. राडिसावचे हात आठवले, उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं. पाठ आठवली. रस्सा पिताना चमचा दातावर वाजवायचा, त्यावरून ती चिडायची, तेही आठवलं. भट्टीतून नुकत्या निघालेल्या प्लमच्या दारूचा त्याच्या मिशीला येणारा वास तर आता कुणी शेजारी बसल्यासारखा आला. पण त्याने तोंड वर केलं की खिळ्यावरचा फोटो. डोळे मिटून फाटकापाशी उभा केला, अंगणात चालवला, ताटावर बसवला. तोंड फिरवलं की फोटो, शिक्क्यासकट. जिवंत माणसाच्या खांद्यावर शिक्का नसतो. इतकी वर्षं ती रोज सकाळी दिव्यात तेल घालताना ज्याच्याशी बोलली, तो उन्हात विटत चाललेला कागद होता. आणि कागद विटला तसा आतला माणूसही विटला. तो कधी गेला हे तिला कळलंही नाही.

ती उठली. डोक्याला रुमाल बांधला आणि ओढ्यापलीकडे कोसाराच्या घरी निघाली.

कोसारा राडिसावची थोरली बहीण. दोघींमध्ये बोलणं नव्हतं. राडिसावचं अकॉर्डियन मिलुंकाने परगावच्या माणसाला विकलं तेव्हापासून नव्हतं, म्हणजे गावातल्या अर्ध्या लोकांच्या जन्माआधीपासून. कोसारा ओसरीत बसून बोटांनी चाचपत राजमा निवडत होती.

“कोण आहे?”

“मी.”

“मी म्हणजे कोण? मरणसुद्धा येताना नाव सांगतं.”

“मिलुंका.”

परातीत पडणारे दाणे थांबले.

“कोण गेलं?”

“अजून कुणी नाही. तुझ्यासाठी थांबलेत सगळे.”

“बस मग. बाकावर मांजर आहे, तिला उठवू नकोस. ती या घरची आहे.”

मिलुंका बाकाच्या कडेवर बसली. बोलायला तिला वेळ लागला, आणि कोसाराने तो आनंदाने लागू दिला.

“वन्सं, एक विचारायचं होतं. राडिसाव दिसायला कसा होता?”

कोसारा हसली. हसता हसता तिला ठसका लागला, मांजर उठून गेलं. “त्याच्या उशीवर तू झोपलीस, आणि मला विचारतेस?”

“विचारतेय. टोमणे नंतर मार, मी पळून जात नाही. दगडावर त्याला कडक कोरतायत. आठी बिठी.”

“कडक?” कोसाराने हातातले दाणे परातीत टाकले. “माझा भाऊ? हसला की डावा डोळा मिटायचा त्याचा. कोंबडी कापायची झाली तर शेजाऱ्याला हाक मारायचा आणि आपण गोठ्यामागे जाऊन उभा राहायचा. कडक तू केलंस त्याला. ‘बाप बघतोय, बाप कातडं सोलेल.’ मी ओढ्यापलीकडून ऐकायचे ना. मेलेल्या माणसाला तू पोलीस करून भिंतीवर टांगलंस.”

मिलुंकाने ते गिळलं. असलं काही गिळायची तिला सवय नव्हती.

“म्हणजे उजळ. मऊ. तू बघून सांगशील? नेगोवान गाडीने नेईल.”

“बघून?” कोसाराने तोंड तिच्याकडे केलं. दोन्ही डोळ्यांत साय धरली होती. “मला खिडकी दिसते. खिडकीत कुणी उभं राहिलं तर खिडकी दिसत नाही. एवढंच बघणं उरलंय माझं.”

“आठवून तर सांग! तुला तर आठवत असेल.”

“आवाज आठवतो. ‘कोसारे, पाव जळतोय’ म्हणायचा, जळत नसला तरी.” तिची बोटं परातीतल्या दाण्यांवरून फिरली. “चेहरा म्हणशील तर…”

“काय?”

“तर त्याच्या खांद्यावर शिक्का असतो, मिलुंके. वर्षश्राद्धाच्या पत्रकांवर दर वर्षी तोच तर छापला आपण. झाडाझाडाला तोच चिकटवला.”

मग कोसाराने परात मधे सरकवली, आणि मिलुंकाने, कुणी सांगितलं नसताना, खडे वेचायला घेतले.

दुसऱ्या दिवशी अंगणात चुलीवर लाल मिरच्या भाजणं चाललं होतं. नेगोवान भाजत होता, मिलुंका सालं काढत होती. वर्षभराचं आयवार, म्हणजे या मिरच्यांची चटणी, असं एका दिवसात होतं, आणि त्या दिवशी घरातलं माणूस चुलीपासून हलत नाही. म्हणून तिने तोच दिवस धरला.

“तो नाही,” ती म्हणाली.

“कोण?”

“पडद्यावरचा. म्हणजे असेलही. मला आठवत नाही.”

नेगोवान आधी हसला. मग त्याने चिमटा खाली ठेवला.

“तूच म्हणालीस. हाच, डोळे फुटलेत का.”

“म्हणाले.”

“उशिरा आलो की दारात उभी राहायचीस. बाप बघतोय, त्याच्या कपाळाला आठी पडलीय. मी त्या फोटोकडे पाठ करून जेवायचो, आई. व्हिएन्नात छपरावरून पाय सटकला तेव्हा पहिल्यांदा काय मनात आलं सांगू? की आता हा रागावणार. बायकोच्या आधी, पोरींच्या आधी हा आला. मग तो कोण होता?”

मिलुंकाने हातातलं साल झटकलं. ते बोटाला चिकटून राहिलं.

“मी होते,” ती म्हणाली. “दोघांचं काम एकटीला करायचं होतं. माझ्या रागाला तू भीत नव्हतास.”

“मग दगडावर तुझाच चेहरा दोनदा कोरून घे,” तो म्हणाला आणि फाटक आपटून गेला.

चुलीवरच्या मिरच्या करपल्या. मिलुंकाच्या हातून आजवर एक मिरची करपली नव्हती. त्या दिवशी तिने अख्खा घाणा करपू दिला आणि तिथेच बसून राहिली.

ऊन उतरताना तो आला. नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. तिच्याकडे न बघता म्हणाला, “ओढ्यापलीकडे गेली होतीस म्हणे. आत्या काय म्हणाली?”

“हसला की डावा डोळा मिटायचा.”

नेगोवानचं ओलं बोट आपोआप स्वतःच्या डाव्या पापणीवर गेलं.

“आणखी?”

“कोंबडी कापायचा नाही.”

“मीही नाही कापत.”

“माहीत आहे. तुझी बायको फोनवर त्याच्याच तक्रारी करते.”

तो हसला नाही. पण करपलेल्या मिरच्या त्याने बादलीत भरल्या आणि नव्या चुलीवर मांडल्या.

तिहोमिरने दगड यंत्राखाली आडवा घातला होता, तेवढ्यात दोघं पोचले.

“ते त्रिकोण,” मिलुंका म्हणाली, “तिन्ही जिथे होते तिथे परत ठेव. डोंगर होता तसा राहू दे.”

“काकू, मग काहीच उठणार नाही. दोन पावलांवरून नुसतं धुकं.”

“ऊन जेवढं ठेवून गेलं तेवढंच कोर. त्यात मी माझं घालणार नाही, तूही तुझं घालू नकोस. फक्त तो शिक्का काढ.”

“लोक म्हणतील तिहोमिरला काम येत नाही.”

“म्हणू देत. मला काय काय म्हणतात ते ऐकलंस तर तुझं तुला गोडच वाटेल. आणि माझाही तितकाच फिका कर. नवरा धुक्यात आणि बायको शेजारी लखलखत बसलीय, हे शोभत नाही.”

तिहोमिरने आशेने नेगोवानकडे पाहिलं. काही झालं तरी खर्च त्याचा होता. नेगोवान दाराच्या चौकटीत उभा होता, बाहेर तोंड करून.

“ती म्हणते तसं करा,” तो म्हणाला.

मृतांच्या शनिवारी दफनभूमीत जत्रेसारखी गर्दी होती. मेणबत्त्या, वाइन, भाजलेली कोंबडी, साखर-अक्रोड घालून शिजवलेला गहू, आपापल्या माणसांच्या दगडांवर मांडलेलं सगळं. येणारी जाणारी बाई मिलुंकाच्या नव्या दगडापाशी रेंगाळायची आणि मान तिरकी करायची.

“का ग मिलुंके, शाई संपली का पाथरवटाची?”

“जवळ येऊन बघ. नाहीतर पुढे चालू लाग, तुझाही आहे तिकडे. उपाशी असेल, जिवंतपणी होता तसाच.”

बाई पुढे गेली. जिंकलेल्या भांडणाचा मिलुंकाला एरवी दिवसभर आनंद पुरायचा. आज पुरला नाही, कारण बाई म्हणाली ते खोटं नव्हतं. तीन पावलांवरून काळा दगड, दोन डाग. नेगोवान त्या डागाकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर काय होतं हे तिला बघवत नव्हतं. धाक का असेना, आजवर त्याला एक बाप होता. तिने तोही काढून घेतला होता.

कोसाराला त्यानेच गाडीतून आणलं होतं. ती दगडाच्या कट्ट्यावर काठी धरून बसली. तिच्या मेणबत्तीचं मेण दगडावर सांडलं, म्हणून नेगोवानने बादली आणली, मेण खरवडलं आणि वरून पाणी ओतलं.

दोन्ही चेहरे गेले.

“आई!” तो ओरडला. “गेला! पुसला गेला!”

“काही पुसला नाही. ओला झाला की ओरखडा काळा पडतो, तिहोमिरने सांगितलं होतं. वाळेल.”

ते उभे राहिले. काळ्या दगडात फक्त आकाश आणि त्यांचीच डोकी. मग वरून, ऊन होतं तिथून, दगड वाळायला लागला. आधी केसांचा भांग आला. मग कपाळ, आठीबिठी काही नसलेलं. उजवी भुवई, उजवा डोळा, नाकाची कड. डावीकडे कोसाराची सावली पडली होती, तिकडची ओल हटेना. उजवा डोळा उघडा, डावा अजून अंधारात, म्हणजे मिटलेला. आणि ओठाचा कोपरा अर्धवट वाळून वर गेलेला.

मिलुंका दगडाकडे वाकली. फाटक, गवताची काडी, सकाळ. तो तिच्याकडे बघून हसत होता, आणि त्याच्या खांद्यावर काहीही नव्हतं.

“तो,” ती म्हणाली. “नेगोवान, तो बघ. तो!”

“कुठे?”

“तो काय! बघ ना! लवकर बघ!”

नेगोवान वाकला. तोवर ओल सरकली, डावा डोळा उघडला, ओठ सरळ झाले, आणि दगडावर पुन्हा खाणीच्या ओळखपत्रावरचा फिका माणूस राहिला.

“काय झालं?” कोसाराने विचारलं. “मला कुणी सांगेल का?”

“पाणी आण,” मिलुंका म्हणाली.

“दगड स्वच्छ आहे, आई.”

“पाणी आण म्हणते ना! आणि वन्सं, तू जागची हलू नकोस. होतीस तशीच बस.”

त्याने आणलं. ओतलं. पण वारा सुटला होता, दगड खालून वाळला, आणि आधी मिशी आली, मग दोन्ही डोळे एकदमच उघडले. नुसता फोटो. शेजारच्या थडग्यांवरून माणसं बघत होती, कुणीतरी कुणाच्या तरी कानाला लागलं. नेगोवानने आईच्या तोंडाकडे पाहिलं. ही त्याची आई, जिला सगळं माहीत असायचं, दगडाकडे अशी टक लावून पाहत होती की तिचा रुमाल सुटून खांद्यावर आला तरी तिला कळलं नव्हतं.

त्याने रिकामी बादली उचलली आणि यावेळी कुणी न सांगताच नळाकडे निघाला.